लिस्बनला वारलेले पप्पा

३ सप्टेंबर, मंगळवार. कोपनहेगन, विमानतळ.

ही वही घेऊन नऊ वर्षं झाली. व्यासपीठावरून मी लोकांना सांगतो, "नवं काही सुचायला हवं असेल तर रोज सकाळी तीन ओळी लिहा. प्रामाणिकपणे लिहा. मी लिहितो." लोक ते टिपून घेतात. काल जेवताना एका डॅनिश बाईने विचारलं, "तुमच्या वहीतली आजची ओळ कोणती?" आणि मला आठवलं, वही अजून कोरीच आहे. तेव्हा आज श्रीगणेशा.

तर मी हेनिंग ब्राकमान, वय एकावन्न. कंपन्यांच्या परिषदांमध्ये जाऊन 'बदला, नाहीतर बुडाल' हे चाळीस मिनिटांत सांगणे हा माझा धंदा. पोर्टो ते टॅलिन, वर्षाला साठ भाषणं.

आज पुन्हा सुरक्षा तपासणीत खणाची झडती झाली. हा लाकडी खण मी भाषणात दाखवतो, म्हणून सामानात असतो.

"आत काय आहे?"

"काही नाही."

"मग नेता कशाला?"

"लोकांना दाखवायला."

"रिकामा खण?"

"हो."

त्या बाप्याने शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने माझ्याकडे. "आणि लोक बघतात?" मी म्हटलं, उभे राहून टाळ्या वाजवतात. त्याने खण उलटा करून दोनदा ठोकला आणि परत दिला.

कालचे गुण: पाचपैकी ४.६. भाषण संपलं की लोक फोनवर गुण देतात आणि ते झुरिकला माझ्या एजन्सीच्या ओडरमाटबाईंकडे जातात. सरासरी साडेचारच्या खाली घसरली की बाई वक्त्याला यादीच्या दुसऱ्या पानावर टाकतात. दुसऱ्या पानावर गेलेला माणूस परत पहिल्यावर आलाय असं मी तरी ऐकलेलं नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार. रॉटरडॅम.

४.७. खणाची गोष्ट नेहमीसारखी झाली. एकदा ती इथे लिहूनच टाकतो.

जर्मनीतल्या लेमगो गावी माझ्या वडिलांचं, वाल्डेमार ब्राकमान यांचं, हार्डवेअरचं दुकान होतं. भिंतभर सहाशे चाळीस खण. गिऱ्हाइकाला एक स्क्रू हवा असेल तर एकच मिळायचा, कागदात गुंडाळून. मग हमरस्त्यावर अवाढव्य दुकान आलं. मी नुकताच व्यवस्थापन शिकून आलो होतो. म्हणालो, "पप्पा, बदला." पप्पा हसले आणि त्यांनी खण बंद केला. (इथे मी खण बंद करतो. खट्ट.) चौदा महिन्यांत दुकान बंद. "आता हा एक खणच काय तो उरला," एवढं म्हणून मी खणावर हात ठेवतो आणि थांबतो. तीन सेकंद. आमच्या धंद्यात थांबणंसुद्धा शिकवतात, त्याचे वर्ग असतात.

आठ वर्षांपूर्वी लिस्बनला ऐन थांबण्याच्या वेळी कुणीतरी खोकायला लागलं. त्याचं आटपेपर्यंत मी पाच सेकंद थांबलो. पहिल्या रांगेतल्या बाईने तोंडावर हात ठेवला. दुसरीने डोळे पुसले. मग अख्खं सभागृह उभं. नंतर माझा हात हातात घेऊन लोक "फार वाईट झालं" म्हणत होते. मी "अहो नाही, ते ठणठणीत आहेत" म्हणणारच होतो, पण मागे रांग लांब होती. गुण: ४.९. तेव्हापासून मी सगळीकडे पाचच सेकंद थांबतो.

पप्पा वारले असं मी एकदाही म्हटलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. लोक आपलं आपण समजतात, त्याला मी काय करू?

आणि हो, खण आमच्या दुकानातला नाही, अँटवर्पच्या जुन्या बाजारातला आहे. आमचे खण अठ्ठ्याण्णव साली भंगाराच्या कंटेनरमधून गेले. पण प्रेक्षकांना खणाशी मतलब, गावाशी नाही.

१५ सप्टेंबर, रविवार. लेमगो.

रविवारची कॉफी पप्पांकडे. पप्पा त्र्याऐंशीचे, तब्येत खणखणीत, रोज सायकल काढतात. माझी थोरली बहीण अंके प्लमचा केक घेऊन आली होती. ती इथेच शाळेत शिकवते, आणि शाळा सुटली तरी तिचं शिकवणं सुटत नाही.

दुसरा तुकडा वाढून झाल्यावर पप्पांनी लोण्याच्या भांड्याखालून एक पत्र काढलं आणि काही न बोलता माझ्यापुढे सरकवलं. आम्ही लिपे भागातली माणसं. बोलण्याला पैसे पडतात अशा बेताने बोलतो.

पत्र बीलेफेल्डच्या ड्यूकर्ट स्क्रू कारखान्याचं. कारखान्याला शंभर वर्षं झाली. त्यानिमित्त सतरा ऑक्टोबरला युरोपभरच्या गिऱ्हाइकांची मोठी परिषद आहे, आणि जुन्या ऑर्डरींच्या वहीत ज्यांची नावं सापडली त्या सगळ्या म्हाताऱ्या दुकानदारांना मानाचं आमंत्रण. पाकिटावर पत्ता होता 'मालक, टोले हार्डवेअर, लेमगो'. दुकानावर माझ्या आजोबांचंच, म्हणजे आईच्या वडिलांचं नाव होतं. पोस्टमन जुना. टोल्यांचे जावई कुठे राहतात ते त्याला पाठ.

"जेवण आहे," पप्पा म्हणाले. "आणि कुणाचं तरी इंग्रजी भाषण आहे म्हणे. पण कानाला लावायला यंत्र देतात. त्यातून आपल्या भाषेत येतं."

त्या दिवशी बीलेफेल्डला भाषण कुणाचं आहे हे मला जूनपासून ठाऊक आहे. केक माझ्या घशात अडकला. अंकेने पाठीत असा धपाटा घातला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काय रे हेनी," ती म्हणाली, "तू पण असल्याच ठिकाणी बोलतोस ना? तुला इथल्या जवळपासचं कुणी बोलावत नाही वाटतं?"

"तारखा जुळत नाहीत," मी म्हटलं.

१६ सप्टेंबर, सोमवार. कोलोन, घर.

सकाळी नऊला ओडरमाटबाईंना फोन केला. म्हटलं, बीलेफेल्डला दुसरा कुणीतरी पाठवा.

"का? बरं नाही का?"

"विषय जरा नाजूक आहे. त्या भागात माझ्या वडिलांना ओळखणारी माणसं असतील."

"ब्राकमानसाहेब," बाई एकदम मऊ झाल्या, "समजू शकते मी. पण कारखान्याच्या मालकीण ड्यूकर्टबाईंनी तुमचं लिस्बनचं चित्रीकरण बघितलंय. बघून रडल्या त्या. आपला स्क्रू, आपलाच दुकानदार! करारात त्यांनी 'खणाची गोष्ट' असं लिहून घेतलंय. तुमच्या वडिलांच्या स्मृतीला हा केवढा मान आहे, विचार करा."

मी विचार केला. मग विचारलं, नाही म्हटलं तर?

"दुसरं पान," बाई म्हणाल्या. तेवढं म्हणताना आवाज मऊ नव्हता.

२२ सप्टेंबर, रविवार. लेमगो.

पप्पांनाच परावृत्त करायचं ठरवून गेलो.

"त्या परिषदांमध्ये काही नसतं हो, पप्पा. खुर्च्या वाईट, एसी अंगावर, जेवण गार."

"तू तर जन्मभर तिथेच जेवतोस."

"म्हणून तर सांगतोय. आणि भाषणं म्हणजे नुसती पोकळ बडबड. चाळीस मिनिटांत एक कामाचं वाक्य नसतं."

पप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "मग तू काय करतोस तिथे?"

त्यांनी आतून सूट आणून दाखवला. आईच्या अंत्यविधीला घातलेला, शिंप्याकडून कमरेत आत घेतलेला. नवे बूटही घेतलेत. माझ्या वडिलांनी स्वतःहून बूट घेतल्याचं मला आठवत नाही. आई ओरडायची तेव्हा घ्यायचे.

"ड्यूकर्टचा माल मी एकतीस वर्षं विकला," ते म्हणाले. "सुटा. एकेक नग मोजून. आणि वहीत अजून नाव ठेवलंय बघ त्यांनी." थोडं थांबून म्हणाले, "शेवटचे चौदा महिने तेवढे पाकिटातून."

मी हवेचा विषय काढला. यंदा सफरचंदं बरी आलीत.

२६ सप्टेंबर, गुरुवार. मिलान.

नवी गोष्ट तयार केली. हार्डवेअर नाही, वडील नाहीत. गेंटचा एक बेकरीवाला, जो पावाचा आकार बदलायला तयार होत नाही. हातात खणाऐवजी पाव. अकरा वर्षांत पहिल्यांदा नवं काही केलं, म्हणून सकाळपासून हुरूप होता.

३.७. एकाने खाली लिहिलंय, 'वक्त्याला स्वतःलाच बेकरीत रस नसावा.' दुसरा लिहितो, 'पाव छान होता.'

लोक नव्याला तयारच नसतात. मी हे वर्षानुवर्षं सांगतोय.

ओडरमाटबाईंचा एका ओळीचा संदेश आला: 'पुन्हा पाव नको.'

६ ऑक्टोबर, रविवार. कोलोन.

अंकेचा फोन. नेहमी ती आधी हवापाणी विचारते. आज विचारलं नाही.

"हेनी, पप्पा कधी गेले रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! पप्पांना भाषण करणाऱ्याचं नाव हवं होतं म्हणून कारखान्याचं पान उघडलं. तर तुझा हा एवढा मोठा फोटो. खाली लिस्बनचं चित्रीकरण. बायका रडतायत, तू खणावर हात ठेवून उभा. आणि खाली लोकांनी लिहिलंय, 'तुमच्या वडिलांच्या आत्म्याला शांती लाभो.' मला तर वाटलं, मलाच कुणी कळवलं नाही!"

मी तिला शांतपणे समजावलं की मी तसं कुठेही म्हटलेलं नाही, मी फक्त थांबतो.

"थांबतो! अरे, थांबून बापाला मारलंस तू! आणि 'पप्पा हसले आणि खण बंद केला' हे कोण म्हणतं? हसले? तू तक्ते घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलास, तीन संध्याकाळ बोललास. पप्पा एक अक्षर बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी 'बरं' म्हणाले. कंटेनर कुणी मागवला? पप्पांनी? दहा-दहाची पाकिटं कुणाच्या डोक्यातून निघाली? म्हातारी माणसं एक बिजागरी मागायला यायची, त्यांच्या हातात दहाचं पाकीट! ती सगळी गेली हमरस्त्यावरच्या दुकानात, तिथे निदान गाडी लावायला जागा तरी होती. उंटावरचा शहाणा!"

मला इथे नोंद करायची आहे की पाकिटांची कल्पना तत्त्वतः बरोबर होती. आज सगळं जग पाकिटातच विकतं. लेमगो त्या मानाने दहा वर्षं मागे होतं, आणि मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. हे मी अंकेला म्हटलं.

"मग तेव्हा थांबायचं होतंस की दहा वर्षं," ती म्हणाली. "तू सांगतोस त्यांना की मी सांगू?"

"मी सांगतो."

"कधी?"

"सतराच्या आत."

ती रडत होती बहुतेक. फोन तिनेच ठेवला.

१३ ऑक्टोबर, रविवार. लेमगो.

सांगायला गेलो. खरंच सांगायलाच गेलो होतो.

पप्पा पायरीवर बसून नव्या बुटांना पॉलिश करत होते. मी म्हटलं, "पप्पा, ते भाषण करणारा माणूस म्हणजे मीच आहे." वाटलं, इथून पुढचं आपोआप तोंडातून येईल.

पप्पांनी ब्रश खाली ठेवला. उठून आत गेले. मला वाटलं, त्यांना सगळं माहीतच आहे आणि ते चिडले. पाठोपाठ गेलो तर ते फोनवर होते. डेटमोल्डच्या फ्लाइगेंना सांगत होते. फ्लाइगे म्हणजे त्यांचे धंद्यातले जुने दोस्त, त्यांनाही आमंत्रण आहे. "आपला हेनिंग बोलणारे. हो, आपलाच." मग आणखी दोघांना केला. एका दुपारी तीन फोन! आई गेली तेव्हासुद्धा दोनच केले होते.

"काय बोलणारेस?" परत येऊन विचारलं.

"असंच. धंद्याबद्दल."

"आपल्या दुकानाचं काही येतं का त्यात?"

"थोडंसं."

"बरं," म्हणाले आणि दुसरा बूट घेतला. मान खाली होती, पण कान लाल झाले होते. आनंद झाला की त्यांचं तसंच होतं.

मी केक न खाता निघालो. मला स्वतःची शरम वाटते आहे. आता लिहिलंच आहे तर राहू दे.

१६ ऑक्टोबर, बुधवार. बीलेफेल्ड.

दुपारी सभागृहात आवाजाची चाचणी झाली. मागे काचेच्या केबिनमध्ये कॉर्डुला दिसली आणि हायसं वाटलं. ही दुभाषी. माझ्या इंग्रजी भाषणाचं बोलता बोलता जर्मन करून लोकांच्या कानात सोडते. सहा वेळा केलंय तिने. माझ्या आधी पुढचं वाक्य तिलाच आठवतं.

मी केबिनमध्ये शिरून दार लावलं आणि सगळं सांगितलं. मग म्हटलं, "उद्या मी इंग्रजीत नेहमीचंच बोलेन. ड्यूकर्टबाईंना हवं ते मिळेल. तुम्ही जर्मनमध्ये तेवढी पाच मिनिटं वेगळी गोष्ट सांगा. बेकरीची तयार आहे माझ्याकडे."

कॉर्डुला डबा खात होती. तिने काटा खाली ठेवला.

"ब्राकमानसाहेब, तुमच्या वडिलांसाठी मी सहा वेळा गप्प बसले आहे. तुम्ही पाच सेकंद थांबता, मीही थांबते. हेडफोन लावलेली माणसं कशी ढसाढसा रडतात ते मला इथून दिसतं. मला वाटायचं, बिचारा."

"मग कराल ना एवढं?"

"नाही. तुम्ही मारलंत तर मी मारीन, जगवलंत तर जगवीन. पण आधी तुमच्या तोंडून आलं पाहिजे. माझ्या पदरचं मी एक अक्षर घालत नाही. सत्तावीस वर्षं घातलेलं नाही."

"दुप्पट मानधन देतो."

ती हसली नाही, रागावलीही नाही. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मानाच्या पाहुण्यांना तिसऱ्या रांगेत बसवणार आहेत, तुमच्या वडिलांनाही. तिथे हेडफोन नीट लागतात, मी तपासलेत."

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. लेमगो, सकाळ.

कालचं सगळं क्रमाने लिहितो. पप्पा अजून झोपलेत.

मी पडद्यामागे उभा होतो. तिथून तिसरी रांग दिसत होती. पप्पा, शेजारी फ्लाइगे, पलीकडे अंके. पप्पांनी हेडफोन आधीच लावून ठेवला होता आणि यंत्राची बटणं फ्लाइगेंना शिकवत होते. मी मनाशी ठरवलं होतं की ओस्नाब्रुकच्या कुणा दुकानदाराची गोष्ट म्हणून सांगायचं. खण तोच, फक्त माणूस परका. ड्यूकर्टबाई थोड्या खट्टू होतील, पप्पांना काही कळणार नाही. इतकी साधी युक्ती आधी कशी सुचली नाही, असं वाटत होतं.

तेवढ्यात ड्यूकर्टबाई माझी ओळख करून द्यायला उभ्या राहिल्या. जर्मनमध्ये. पाहुणे दुकानदार जर्मन, म्हणून मुद्दाम त्यांच्या भाषेत.

"आजचे वक्ते तुमच्यासारख्याच एका दुकानदाराचे चिरंजीव आहेत," त्या म्हणाल्या. "ते दुकानदार आज आपल्यात नाहीत. दुकान गेलं, आणि त्या धक्क्याने तेही गेले. त्यांच्यासाठी आपण क्षणभर उभे राहू या."

हेडफोनचा प्रश्नच उरला नाही. सातशे माणसं उभी राहिली. अंके बसून राहिली, हात कपाळावर. फ्लाइगे उभे राहिले, त्यांनी पप्पांकडे बघितलं आणि परत बसले. आणि पप्पा? सगळे उभे राहिले म्हणून तेही उभे राहिले. मान खाली घालून, हात पुढे धरून, अगदी रीतसर. स्वतःसाठी.

व्यासपीठावर कसा गेलो आठवत नाही. खण मेजावर होता. सुरुवात केली, "ओस्नाब्रुकमध्ये एक दुकानदार होता." पहिल्या रांगेत ड्यूकर्टबाईंच्या कपाळावर आठी पडली. सहाशे चाळीस खण, एकेक स्क्रू, कागदाची पुडी, सगळं सांगितलं. म्हातारे दुकानदार माना डोलवत होते. मग ते वाक्य आलं. "तो हसला आणि त्याने खण बंद केला." खण बंद करायला हात ठेवला आणि समोर बघितलं. पप्पा एका कानावरचा हेडफोन दाबून धरून ऐकत होते. लहान मुलाला शाळेच्या कार्यक्रमात बघावं तसे बघत होते माझ्याकडे.

खण मला बंद करता येईना. पाच सेकंद झाले, दहा झाले. लोकांना वाटलं, ही शैली.

"नाही," मी म्हटलं. "तो हसला नाही. तो 'बरं' म्हणाला. एका शिकलेल्या माणसाने त्याला सांगितलं होतं की सुटं विकणं बंद करा. त्याने सगळं तसंच केलं. खण भंगारात टाकले, दहा-दहाची पाकिटं लावली. चौदा महिन्यांत दुकान बुडालं. आणि तो शिकलेला माणूस त्यानंतर युरोपभर सांगत फिरला की दुकानदार बदलायला तयार नव्हता, म्हणून बुडाला."

कुणीतरी इंग्रजीत ओरडून विचारलं, "त्या दुकानदाराचं पुढे काय झालं?"

"जिवंत आहे," मी म्हटलं. "सायकल चालवतो."

म्हाताऱ्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या. मागच्या केबिनमध्ये कॉर्डुलाने चष्मा काढून पुसला. पुढची पंचवीस मिनिटं मी काय बोललो ते तिलाच विचारायला हवं.

कॉफीच्या वेळी ड्यूकर्टबाई तरातरा आल्या. गोष्ट बदलल्याचा जाब विचारायलाच आल्या असणार, पण माझ्या शेजारी पप्पांना बघून त्यांनी आधी हात पुढे केला. "आपण?"

"वाल्डेमार ब्राकमान. टोले हार्डवेअर. ह्याचा बाप."

बाईंचा हात तसाच हवेत. "पण तुम्ही तर..."

"हो, सकाळी कळलं मला," पप्पा म्हणाले. "पण जेवणाचं आमंत्रण होतं, म्हणून थांबलो."

बाईंनी पप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि एकदम अशा हसत सुटल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. माझ्याशी मात्र दिवसभर बोलल्या नाहीत. ओडरमाटबाईंचे चार फोन येऊन गेलेत, मी घेतले नाहीत. दुसरं पान तर दुसरं पान.

नंतर आम्ही दोघंच खिडकीपाशी बसलो, सफरचंदाचा केक घेऊन. अंके फ्लाइगेंना गाडीपर्यंत सोडायला गेली होती. पप्पा शांतपणे खात होते. मला वाटलं, आता काहीच बोलणार नाहीत, नेहमीसारखे. आणि ते मला सोसवेना.

"पप्पा, ते ओस्नाब्रुकचं..."

"वाईट झालं त्या माणसाचं," ते म्हणाले. "तो शिकलेला कोण होता?"

"त्याचा मुलगा होता."

"हं." त्यांनी काट्याने केकवरचं क्रीम गोळा केलं. "मग त्या म्हाताऱ्याला माहीत असणार."

"काय?"

"की चालायचं नाही म्हणून. एकतीस वर्षं गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस. एक बिजागरी मागायला आलेली म्हातारी दहा नेणार नाही, एवढं कळत नसेल होय त्याला?"

मी म्हटलं, "मग त्याने केलं कशाला? नाही म्हणायचं होतं!" माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या मेजावरची माणसं बघायला लागली.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. चिडलेले नव्हते. त्यांना माझा प्रश्नच जरा बावळट वाटला असावा.

"अरे, मुलगा इतक्या हौसेने सांगत होता ना," ते म्हणाले.

मी काटा बशीत ठेवला. पप्पांनी माझी बशी पुढे ओढली आणि तोही तुकडा संपवला.